बंद पडलेलं इंजिन चालेल, कुजलेलं नको: ईबेवर जुनी हॉर्नबी घेताना

प्रश्न असा आला आहे: आम्ही लेस्टरला राहतो. सुट्टीत पुण्याला गेलो तेव्हा कोथरूडचं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम पाहिलं आणि मुलीने घरी गाडी हवी म्हणून हट्टच धरला. नवं इंजिन घ्यायचं तर दीडशे-दोनशे पौंडांच्या पुढे जातं. ईबेवर जुनी हॉर्नबी, म्हणजे त्या नावाच्या ब्रिटिश कंपनीची विजेवर चालणारी छोटी आगगाडी, वीस-तीस पौंडांपासून दिसते. लिलावात घेणं शहाणपणाचं आहे का, आणि बघायचं काय? एकाकडे इंजिन, डबे, रूळ आणि जुना कंट्रोलर (रुळांना वीज देणारी, वेग ठरवणारी पेटी) असा अख्खा संच आहे, तो घेऊ का?

घ्या, जरूर घ्या. फक्त अख्खा संच नको. इंजिन आणि डबे जुने घ्या, रूळ आणि कंट्रोलर नवे. मी इंग्लंडात बरीच वर्षं लिलावातून जुनी इंजिनं घेतो, दुरुस्त करतो, काही ठेवतो, काही पुढे देतो. या बाजारात भाव ठरतो वरच्या रंगावर आणि खोक्यावर. इंजिनाचं आयुष्य मात्र खालच्या सांगाड्यावर अवलंबून असतं, आणि त्याचा फोटो बऱ्याचदा दिलेलाच नसतो. त्यामुळे 'चालत नाही' असं सरळ लिहिलेलं इंजिन मातीमोल जातं, जेव्हा त्याला अर्ध्या तासाची साफसफाई पुरली असती. आणि खोक्यातून कधी बाहेरच न आलेलं, चकचकीत इंजिन चढ्या भावाने जातं, जेव्हा त्याचा धातू आतून तडकत असतो. दुरुस्त होणारा दोष कोणता आणि न होणारा कोणता, हे फोटोवरून ओळखता आलं पाहिजे. बोली लावायचं तंत्र एका संध्याकाळी शिकता येतं, ही नजर यायला वेळ लागतो. म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावरच देतो.

आधी मापाचं बघू, कारण पहिला फटका इथेच बसतो. ब्रिटनमध्ये घरगुती गाड्यांचं सर्वांत रुळलेलं माप म्हणजे ओओ: एका फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे साधारण १:७६, आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. युरोपात आणि अमेरिकेत चालतं ते एचओ, म्हणजे १:८७, पण रूळ तेच, १६.५ चे. त्यामुळे जर्मन किंवा फ्रेंच एचओ इंजिन तुमच्या रुळावर चालेल, पण ब्रिटिश डब्यांपुढे ते लहान दिसेल. एन गेजचे रूळ ९ मिलिमीटरचे असतात. छोट्या खोलीत ते छान बसतं, पण लहान मुलांच्या हाताला ते फार नाजूक. हॉर्नबीने २०२२ मध्ये १:१२० चं टीटी माप ब्रिटनमध्ये नव्याने आणलं. त्याचा जुना माल बाजारात अजून थोडाच आहे. मुलीसाठी ओओच घ्या, त्यातच जुन्या बाजाराची खरी खोली आहे.

रुळांचं अंतर जुळलं म्हणजे गाडी चालेलच असं नाही. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ मध्ये 'हॉर्नबी डब्लो' बाजारात आणली, ती तीन रुळी होती. मधल्या तिसऱ्या रुळातून वीज घ्यायची आणि बाहेरच्या दोन रुळांतून परत पाठवायची. त्या गाड्यांची चाकं एकमेकांपासून विजेने वेगळी केलेली नसतात. असं इंजिन आजच्या दोन रुळी मार्गावर ठेवलं की सरळ शॉर्ट सर्किट. डब्लोची दोन रुळी इंजिनं १९५९ पासून आली. जाहिरातीत नुसतं 'हॉर्नबी डब्लो' लिहिलेलं असलं तर खालून फोटो मागा. पोटाखाली मधोमध धातूची पट्टी किंवा चमचे दिसले, तर ते तीन रुळी. जर्मनीच्या ग्योपिंगेनच्या मेर्कलिन कंपनीच्या गाड्यांचंही तसंच. रूळ १६.५ चे, पण वीज मधल्या टोकदार खुंट्यांतून, आणि जुनी इंजिनं ए.सी.वर चालणारी. मेर्कलिन ही सुंदर वस्तू आहे, तिच्यासाठी वेगळा संसार मांडावा लागतो.

आता ईबेवर 'हॉर्नबी' म्हणून जे दिसतं ते एका घराण्याचं नाही. मेकॅनो १९६४ मध्ये लाइन्स ब्रदर्स या खेळण्यांच्या कंपनीकडे गेली. त्यांची आधीपासूनच ट्रायँग नावाची रेल्वे होती. १९६५ पासून 'ट्रायँग हॉर्नबी', आणि १९७२ पासून 'हॉर्नबी रेल्वेज', कारखाना केंटमधल्या मारगेटला. म्हणजे आज जिला आपण हॉर्नबी म्हणतो तिचा सांगाडा ट्रायँगचा आणि नाव मेकॅनोचं. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात उत्पादन चीनमध्ये गेलं आणि इंजिनं एकदम बारकाव्याची, महाग आणि नाजूक झाली. इंजिनाच्या तळाशी 'मेड इन ग्रेट ब्रिटन' असेल तर ते मारगेटचं, 'मेड इन चायना' असेल तर नंतरचं. ही एक ओळ वाचली की मोटर कोणती असेल, काय बिघडलेलं असेल आणि सुटे भाग मिळतील का, याचा बराच अंदाज येतो.

मारगेटच्या जुन्या, साध्या इंजिनांवर माझा जीव आहे. त्यांत काय बिघडतं ते जवळून सांगतो.

ट्रायँगने पन्नासच्या दशकापासून पुढे कित्येक वर्षं एक उघडी मोटर वापरली, तिचं नाव एक्स-ओ-फोर. वरून बघितलं की तांब्याच्या तारा, लोखंडी चौकट आणि चुंबक सगळं डोळ्यांसमोर. चालत नाही म्हणून आलेल्या अशा मोटरमध्ये बहुतेक वेळा तीनच गोष्टी असतात. कम्युटेटरवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्यावर, काळा थर बसलेला असतो. त्या कड्याला टेकून वीज देणारे कार्बन ब्रश झिजून कणभर उरलेले असतात. किंवा जुनं तेल वाळून डिंकासारखं झालेलं असतं. ब्रशना दाबून धरणारी एक तारेची स्प्रिंग असते, तिच्या एका पायावर छोटी इन्सुलेशनची नळी चढवलेली असते. आधीच्या कुणीतरी मोटर उघडताना ती नळी हरवली, की स्प्रिंग दोन्ही ब्रशांना जोडते. मग इंजिन रुळावर ठेवताच कंट्रोलरचा लाल दिवा लागतो आणि विक्रेता लिहितो 'मोटर जळली'. मोटर ठणठणीत असते. वायरीवरचं कवच मिलिमीटरभर कापून त्या पायावर चढवलं की काम झालं. कम्युटेटर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसायचा, त्याच्या फटींतला कार्बन लाकडी दातकोरणीने काढायचा, दोन्ही टोकांच्या बेअरिंगला एकेक थेंब हलकं तेल. ब्रश आणि स्प्रिंग आजही नवे मिळतात, किंमत थोडे पौंड. फक्त एक जपायचं: या मोटरचं चुंबक उगाच सुटं करायचं नाही. जुनी चुंबकं चौकटीतून काढली की कमजोर होतात, मग इंजिन तापतं, वीज जास्त खातं आणि रडत चालतं. विक्रेत्याने 'चालतं पण हळू आणि गरम होतं' असं लिहिलं असेल तर चुंबक कमजोर असण्याची शक्यता धरा. तेही दुरुस्त होतं, निओडायमियमची बदली चुंबकं मिळतात, पण तो खर्च बोलीतून वजा करायचा.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या हॉर्नबीच्या मोठ्या वाफेच्या इंजिनांत मोटर बऱ्याचदा पुढच्या इंजिनात नसतेच. ती मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळशाच्या डब्यात असते. तिला रिंगफील्ड म्हणतात. टेंडर ढकलतो आणि इंजिन पुढे धावतं. एका बाजूची वीज इंजिनाच्या चाकांतून येते, दुसरी टेंडरच्या चाकांतून, आणि दोघांना जोडणाऱ्या दांडीतून किंवा तारेतून ती एकत्र येते. यातून खरेदीचे दोन नियम निघतात. टेंडरशिवाय विकायला ठेवलेलं असं इंजिन म्हणजे नुसती शोभेची वस्तू. आणि दुसऱ्याच इंजिनाचा टेंडर जोडून 'संपूर्ण' म्हणून विकलेलं इंजिन दिसायला ठीक असलं तरी वीज पोचेलच असं नाही. बाकी रिंगफील्डचे रोग सोपे. ब्रश, कम्युटेटरवरची घाण, आणि चाकांवरची रबरी कडी कडक होऊन निसटलेली. ती रबरं बाजारात मिळतात. 'मोटर फिरते, गाडी जागची हलत नाही' असं वाचलं की मी खूश होतो.

दुरुस्त होणारे आणि न होणारे यांच्या मधला वर्ग मात्र अवघड आहे. पालिटॉय कंपनीने १९७६ मध्ये 'मेनलाइन' नावाने काढलेल्या गाड्या आणि त्यांच्याच वळणावर गेलेली बाकमन कंपनीची नव्वदच्या दशकातली बरीच इंजिनं दुभंगलेल्या सांगाड्याची असतात. सांगाड्याचे डावा-उजवा असे दोन धातूचे भाग, मध्ये विजेचा अडसर, आणि चाकांच्या अ‍ॅक्सलचे दोन तुकडे एका प्लास्टिकच्या नळीत बसवलेले. तीस-चाळीस वर्षांत ते प्लास्टिक चिरतं. चीर डोळ्याला दिसत नाही, पण परिणाम फोटोत दिसतो. इंजिनाच्या एका बाजूचा, बरोबर समोरून काढलेला फोटो घ्या आणि चाकांना जोडणाऱ्या दांड्यांच्या खिळ्या बघा. त्या सगळ्या चाकांवर एकाच कोनात असायला हव्यात: एक खाली असेल तर सगळ्या खाली. एखादं चाक थोडं पुढे-मागे दिसलं, तर त्या अ‍ॅक्सलची नळी गेलेली आहे. असं इंजिन अडखळतं, लंगडत चालतं, शेवटी दांड्या वाकवून घेतं. नळ्या बदलता येतात, पण सगळा सांगाडा उघडून दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांशी अचूक नव्वद अंशांवर बसवावी लागतात. ते शिकण्यासारखं काम आहे, पहिल्याच इंजिनावर शिकू नका.

आणि आता दुरुस्त न होणारा दोष. मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण पैसे बुडतात ते यातच.

इंजिनांचे सांगाडे आणि वजनं जस्ताच्या मिश्रधातूत ओततात, त्याला ब्रिटनमध्ये मझाक म्हणतात. जस्तात थोडं अ‍ॅल्युमिनियम, आणि जस्त अगदी शुद्ध असावं लागतं. ओतताना शिशासारखी अशुद्धी किंचित जरी मिसळली, तरी धातूच्या कणांच्या सीमांवर गंज सुरू होतो. तुकडा फुगतो, वाकतो, बारीक रेघांनी तडकतो आणि शेवटी हातात बिस्किटासारखा मोडतो. यावर औषध नाही. चिकटवून, रंगवून काही थांबत नाही. दमट आणि उबदार जागेत तो जोरात वाढतो. युद्धपूर्व गाड्यांत हा रोग सर्वांना माहीत आहे, म्हणून लोक समजतात की जुन्याच मालाला होतो. तसं नाही. २००५ च्या सुमारास आलेल्या हॉर्नबीच्या क्लास ३१ डिझेल इंजिनाच्या सुरुवातीच्या मालाची या बाबतीत ख्यातीच आहे. आतला सांगाडा लांबीला वाढतो आणि वरच्या प्लास्टिकच्या शरीराला आतून ढकलतो. हे इंजिन एकदाही रुळावर न ठेवता खोक्यात जपलं तरी त्याला व्हायचं ते होतं. खोक्यावर 'नवं, न वापरलेलं' लिहिणारा विक्रेता खरं बोलत असतो, त्याला स्वतःलाच ठाऊक नसतं.

हे फोटोत कसं ओळखायचं? बरोबर बाजूने, इंजिनाच्या मध्यावर कॅमेरा ठेवून काढलेला फोटो मागा आणि सोबत पट्टी ठेवायला सांगा. शरीर आणि खालची चौकट यांच्यामधली रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी आहे का? मधोमध कुठे फट, टोकाला कुठे उचललेलं, बफरची (टोकाला धक्का झेलणाऱ्या चकत्यांची) पट्टी बाहेर ढकललेली? केबिनच्या कोपऱ्यांत प्लास्टिकला बारीक चीर? तळाच्या फोटोत करड्या धातूवर वाळलेल्या चिखलासारख्या भेगा, किंवा खोक्याच्या तळाशी करडी पूड? यातलं एकही दिसलं तर भाव कितीही पडलेला असो, सोडून द्या. विक्रेता तसा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तरीही सोडून द्या. दर आठवड्याला शेकडो इंजिनं येतात, तेच एक घ्यायचं असं कुणाला बंधन नाही.

बाकी फोटो वाचणं त्या मानाने हलकं. चाकांची कडा चंदेरी असेल तर गाडी कमी चाललेली, काळी असेल तर चाललेली, आणि चंदेरी मुलामा जाऊन खालचं पितळ दिसत असेल तर खूप चाललेली. काळी चाकं हा दोष नाही, उलट इंजिन चालत होतं याचा पुरावा आहे. बफर, पायऱ्या, पुढचे दिवे, हुक मोजा. दोन्ही टोकांची कपलिंग, म्हणजे डबे जोडायच्या कड्या, एकाच प्रकारची आहेत का बघा. खोक्याच्या टोकावरचा क्रमांक आणि आतल्या इंजिनावरचा क्रमांक जुळतो का बघा. न जुळणं फार आढळतं, आणि मुलीच्या खेळात त्याने काही अडत नाही, पण मग खोक्याचे पैसे देऊ नका. रेनच्या गाड्या, म्हणजे डब्लोच्या साच्यांतून जॉर्ज रेन यांच्या कंपनीने पुढे काढलेल्या, या संग्राहकांचा प्रांत आहे. तिथे नव्याने छापलेली खोकी आणि मागाहून रंगवलेली 'दुर्मिळ' इंजिनं फिरतात. त्या वाटेला आत्ता जाऊ नका.

विक्रेत्याची भाषाही तोलून घ्यायची. 'माळ्यावर सापडलं, आमच्याकडे रूळ नाही म्हणून तपासलं नाही' हे घर आवरणाऱ्या माणसाने लिहिलं असेल तर ते खरं असतं, आणि तिथेच चांगला माल मिळतो. तेच 'तपासलेलं नाही' एखाद्याने लिहिलं आणि त्याच्या दुकानात अजून दोनशे इंजिनं असतील, तर तपासलं आणि चाललं नाही असं समजून बोली लावा. 'स्पेअर्स ऑर रिपेअर' लिहिलेला माल परत करणं जवळजवळ अशक्य. तो दुरुस्तीचा माल म्हणूनच घ्यायचा. 'रेअर' हा शब्द वाचायचाच नाही.

शोधताना चुकीची स्पेलिंगंही टाकून बघा. हॉर्नबीमध्ये एक जादा 'एस' घातलेला, बाकमनमधला शेवटचा एक 'एन' गाळलेला, ट्रायँग जोडून लिहिलेलं. अशा जाहिराती नेहमीच्या शोधात येत नाहीत, म्हणून बोलीला माणसं कमी. इंजिनाच्या नावाऐवजी नुसतं 'हिरवी आगगाडी' अशा अर्थाचं लिहून खेळण्यांच्या सर्वसाधारण विभागात टाकलेला मालही असतो.

बोलीचं आता. ईबेवर तुम्ही तुमची कमाल रक्कम टाकता, ती कुणाला दिसत नाही, आणि यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जाते. समजा आत्ताचा भाव १८ पौंड दिसतोय आणि तुम्ही ४१ टाकले. समोरच्याची कमाल २६ असेल, तर तुम्हाला इंजिन २६ च्या एक पायरी वरच मिळेल, ४१ ला नाही. म्हणून कमाल रक्कम खरी टाकायची आणि एकदाच टाकायची. ती ठरवायची कशी? शोधाच्या चाळणीत 'विकलेल्या वस्तू' निवडा, म्हणजे गेल्या काही आठवड्यांत तसंच इंजिन खरोखर किती पौंडांना गेलं ते दिसतं. मागितलेले भाव बघू नका, ते नुसतं मनोराज्य असतं. विकल्याच्या भावातून टपालखर्च वजा करा, दुरुस्तीचे भाग वजा करा. उरलेला आकडा कागदावर लिहा.

तो आकडा लिलाव संपायला दहा-पंधरा सेकंद उरलेले असताना टाका. यात लबाडी काही नाही. ईबेच्या लिलावाची वेळ शेवटच्या बोलीमुळे वाढत नाही, त्यामुळे दोन दिवस आधी बोली लावली की समोरच्याला विचार बदलायला दोन दिवस मिळतात. चाळीस पौंडांवर थांबायचं ठरवलेला माणूस कुणीतरी आपल्या वर गेलंय हे बघून पन्नासवर जातो, ते इंजिनासाठी कमी आणि हरायचं नाही म्हणून जास्त. शेवटच्या क्षणी आकडा टाकला की ही चढाओढ लागतच नाही. रक्कम पूर्ण दहाच्या पटीत टाकू नका. ४० ऐवजी ४१.३७ टाका, कारण बाकीचे ४० वरच थांबलेले असतात. रविवारी संध्याकाळी संपणाऱ्या लिलावाला गर्दी असते, मंगळवारी दुपारी संपणाऱ्याला कमी. हरलात तर पुढचा शोधा. तेच इंजिन पुन्हा येतं, हॉर्नबीने ती हजारोंनी काढलेली आहेत.

ईबेशिवाय लिलावगृहं आहेत: उत्तर इंग्लंडातलं वेक्टिस, न्यूबरीचं स्पेशल ऑक्शन सर्व्हिसेस. त्यांचे लिलाव ऑनलाइन चालतात. तिथे माल जाणकाराने तपासून वर्णन केलेला असतो, पण हातोडी पडली त्या रकमेवर वीस-पंचवीस टक्के किंवा जास्त खरेदीदाराचा अधिभार, त्यावर व्हॅट, वर टपाल. ४० पौंडांना जिंकलेला माल घरी येईपर्यंत साठीच्या आसपास जातो. शिवाय तिथे माल बहुधा दहा-वीस इंजिनांच्या गठ्ठ्याने विकतात. मुलीच्या एका गाडीसाठी ही जागा नव्हे. जर्मनीहून काही मागवणार असाल तर १३५ पौंडांच्या वरच्या पार्सलवर ब्रिटनच्या सीमेवर व्हॅट आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क लागतं, ते धरूनच बोली लावा.

तुमच्यासाठी माझी शिफारस अशी. रोज खेळायचं पहिलं इंजिन दुकानातून वापरलेलं घ्या, तपासून, हमी देऊन विकणारी दुकानं आहेत, शेफील्डचं रेल्स हे त्यांतलं मोठं. हॅटन्स होतं तोवर हे काम आणखी सोपं होतं, २०२४ मध्ये ते बंद झालं. दुकानात दहा-पंधरा पौंड जास्त जातील, पण मुलीच्या हाती पहिल्याच दिवशी चालणारी गाडी पडेल. आणि दुसरं इंजिन लिलावातून, बंद पडलेलं. त्यासाठी ट्रायँगची जिंटी शोधा: एलएमएस रेल्वेचं छोटं, काळं किंवा लाल, सहा चाकांचं टाकीवालं इंजिन. पन्नासच्या दशकापासून ते इतकं निघालं की सुटे भाग आजही सहज मिळतात. आत तीच एक्स-ओ-फोर मोटर. टेंडर नाही, नाजूक बारकावे नाहीत, तळाचा एक स्क्रू सोडला की वरचं शरीर निघतं. मुलगी आठ-नऊ वर्षांची असेल तर कम्युटेटर पुसायचं काम तिला द्या, तिची बोटं त्याला जास्त सोयीची आहेत. कानस किंवा सँडपेपर मात्र तिथे लावू देऊ नका, तांब्यावर ओरखडे पडले की घाण लवकर बसते.

जिंटीबद्दल एक धोक्याची सूचना. जुन्या ट्रायँगच्या चाकांच्या कडा जाड आणि खोल असतात, आणि दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर आजच्या १४.५ मिलिमीटरपेक्षा कमी असू शकतं. सरळ रुळावर काही कळत नाही, पण गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या सांध्यावर (पॉइंटवर) ते इंजिन उडी मारतं. म्हणून रूळ घेताना 'कोड १००' घ्या, म्हणजे ०.१०० इंच उंचीचे. बारीक 'कोड ७५' रुळांवर जुन्या खोल कडा रूळ धरून ठेवणाऱ्या पकडींवर आपटतात. लिमाच्या जुन्या इटालियन गाड्यांचंही तेच.

पार्सल आलं की उघडताना फोनवर चित्रण करा. लगेच रुळावर ठेवू नका. आधी चाकं हाताने फिरतात का बघा (मोटर स्क्रूसारख्या वर्म गिअरने चाकांना जोडलेली असेल तर ती फिरणार नाहीत, जोर लावू नका), मग तेल, मग दोन्ही दिशांना दहा-दहा मिनिटं मंद गतीने, वास आणि तापमान बघत. हे सगळं १२ व्होल्ट डी.सी.च्या साध्या कंट्रोलरवर. रुळांतूनच हुकूम पाठवणाऱ्या डिजिटल डीसीसी यंत्रणेवर डीकोडर (ते हुकूम समजणारी इंजिनातली चिप) नसलेलं इंजिन कधीच उभं करू नका, त्या विजेने मोटर गुणगुणते आणि जळते. वर्णनात नसलेला दोष निघाला तर माल मिळाल्यापासून तीस दिवसांत ईबेकडे परतीची मागणी करता येते. विक्रेता व्यावसायिक असेल तर २०१३ च्या नियमांनुसार कारण न देता चौदा दिवसांत परत करण्याचा हक्कही असतो. विक्रेत्याला बोली जिंकताच एक ओळ लिहा: इंजिन आणि टेंडर वेगवेगळे गुंडाळा, रंगावर थेट बुडबुड्याचं प्लास्टिक लावू नका, टिश्यू लावून मग प्लास्टिक, आणि खोकं दुसऱ्या खोक्यात. बहुतेक जण आनंदाने करतात.

राहिला तो अख्खा संच. त्याच्या फोटोत रुळांवर तपकिरी डाग दिसत असतील तर ते जुने पोलादी रूळ आहेत, ते गंजतात आणि कितीही घासले तरी गाडी थांबत-थांबत चालते. निकेल सिल्व्हरचे नवे कोड १०० रूळ पेकोचे किंवा हॉर्नबीचे घ्या, जुन्या-नव्याचा मेळ घालत बसू नका. आणि जुना कंट्रोलर, विशेषतः धातूच्या पेटीतला, संचात फुकट आला तरी भिंतीच्या प्लगला लावू नका. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या वायरींचं रबर आत भुसभुशीत झालेलं असतं, एका बाजूला २३० व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला मुलीचा हात असलेला रूळ. वीस-तीस पौंडांत नवा कंट्रोलर मिळतो. संच इंजिन आणि डब्यांच्या भावात मिळत असेल तर घ्या, रूळ भंगारात द्या, कंट्रोलरचा प्लग कापा म्हणजे दुसरं कुणीही तो लावणार नाही, आणि कौन्सिलच्या विद्युत-कचरा केंद्रात टाकून या.